चंडोल ते चीता : एका फ्रेंच हेलिकॉप्टर कारखान्याची गोष्ट



मागच्या व्याख्यानात आपण हेलिकॉप्टर हवेत उभं कसं राहतं ते पाहिलं. पाती फिरतात, हवा खाली लोटली जाते आणि यंत्र वर उचललं जातं. शेवटी प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एकाने विचारलं होतं, "सियाचिनला त्या छोट्या हेलिकॉप्टरमधून एका खेपेत दोनच जवान का नेतात? आत जागा तर पायलट धरून पाच जणांची असते." तेव्हा वेळ संपली होती, म्हणून "पुढच्या वेळी" असं सांगून मी सुटलो. आज ते उत्तर द्यायचं आहे. पण त्यासाठी सियाचिनपासून नाही, फ्रान्समधल्या एका सरकारी कारखान्यापासून सुरुवात करावी लागेल. आपण ज्यांना 'चेतक' आणि 'चीता' म्हणतो, ती दोन्ही हेलिकॉप्टरं मुळात तिथली.

या कारखान्याची नावं इतक्या वेळा बदलली की वाचणारा गोंधळून जातो, म्हणून ते एकदाच सांगून टाकतो. १९३६-३७च्या सुमारास फ्रेंच सरकारने बरेचसे खासगी विमान कारखाने ताब्यात घेतले आणि प्रदेशानुसार त्यांचे गट पाडले. आग्नेय फ्रान्सचा गट तो 'सूद-एस्त', नैर्ऋत्येचा 'सूद-वेस्त'. १९५७ साली हे दोघे एकत्र आले, 'सूद एव्हिएशन' झाले. १९७० साली त्याचं 'एरोस्पास्याल' झालं. १९९२ साली जर्मन कंपनीच्या हेलिकॉप्टर विभागाबरोबर मिळून 'युरोकॉप्टर', आणि २०१४ पासून 'एअरबस हेलिकॉप्टर्स'. दारावरची पाटी पाच वेळा बदलली. आज आपण सगळीकडे नुसतं 'सूद' म्हणू या.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हेलिकॉप्टरच्या बाबतीत फ्रान्सची पाटी अगदीच कोरी नव्हती. लुई ब्रेगे यांच्या यंत्राने १९३५ मध्येच चांगली उड्डाणं केली होती. पण युद्धात सगळं थांबलं, आणि तोपर्यंत अमेरिकेत सिकॉर्स्की आणि बेल यांची हेलिकॉप्टरं कारखान्यातून बाहेर पडायला लागली. फ्रेंचांनी मग जे सगळ्यांनीच केलं ते केलं, हरलेल्या जर्मनीतून माहिती आणि माणसं आणली. प्रोफेसर हाइनरिश फोके हे जर्मन हेलिकॉप्टरविद्येतलं मोठं नाव. ते काही काळ सूद-एस्तमध्ये होते आणि त्यांच्या युद्धकालीन यंत्रावरून एक मोठं, दोन बाजूंना दोन पंखे असलेलं हेलिकॉप्टर बनवलं गेलं. ते उडालं, पण पुढे त्याचं काही झालं नाही. मग छोटी यंत्रं आली. एकाला तर शेपटीला इंग्रजी 'व्ही'सारखे दोन तिरपे पंखे होते. तेही मागे पडलं.

१९५१ च्या ३१ जुलैला एक नवं यंत्र उडालं आणि त्याला नाव दिलं 'आलुएत'. म्हणजे चंडोल. शेतावरून सरळ वर चढत जाणारा, गात गात आभाळात उभा राहणारा पक्षी. नाव शोभलं, कारण हे हेलिकॉप्टर शेतीसाठीच होतं, पिकांवर औषध फवारायला. त्याला दोनशे अश्वशक्तीचं पिस्टन इंजिन होतं. १९५३ साली झां बुले नावाच्या वैमानिकाने या यंत्रावर न थांबता जवळजवळ चौदा तास गोल गोल फिरून १,२५२ किलोमीटर कापले आणि जागतिक विक्रम केला. तरी खरं सांगायचं तर यंत्र दुबळंच होतं. कारखान्यालाही ते कळत होतं.

झां बुले हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा पुन्हा येणार आहे. एकोल पॉलितेक्निकमधून शिकलेला इंजिनिअर, आणि वर चाचणी वैमानिक. पुढची वीस वर्षं सूदचं जवळपास प्रत्येक नवं हेलिकॉप्टर पहिल्यांदा यानेच उचललं.

आता इंजिनाकडे येऊ. आजचा खरा विषय तोच.

फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी बोर्द नावाच्या गावात, जोझेफ शिद्लोव्स्की नावाच्या पोलंडमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरचा कारखाना होता. नाव 'टर्बोमेका'. युद्धानंतर त्याने एक वेगळा रस्ता धरला. बाकीचे लोक मोठमोठी जेट इंजिनं बनवत होते, हा छोटी बनवायला लागला. त्यातलं एक 'आर्तुस्त'. जेटसारखंच आत हवा दाबायची, इंधन जाळायचं. पण गरम वायू मागे फेकण्याऐवजी त्यांच्यातली ताकद चाकाने शोषून घेऊन एक दांडा फिरवायचा. यालाच टर्बाइन इंजिन म्हणतात. पिस्टन इंजिनाशी तुलना केली तर तेवढ्याच ताकदीला याचं वजन कितीतरी कमी. पेट्रोलऐवजी केरोसीन चालतं. हादरे कमी. दोष एकच, खादाड आहे.

शेजारच्या सूद-वेस्तनेही शिद्लोव्स्कीचंच यंत्र घेतलं होतं, पण निराळ्या कल्पनेने. त्यांच्या 'जिन' नावाच्या हेलिकॉप्टरमध्ये टर्बाइन नुसती हवा दाबायची. ती हवा पोकळ पात्यांतून टोकापर्यंत न्यायची आणि तिथून फुसकन बाहेर सोडायची, की पाती आपोआप फिरतात. दिवाळीतलं भुईचक्र फिरतं तसं. मोठा फायदा असा की पात्यांना मधून कुणी पिळत नसल्याने हेलिकॉप्टरचं धड उलटं फिरायचा प्रश्नच येत नाही. मला व्यक्तिशः ही कल्पना फार आवडते. पण त्यात इंधन इतकं जायचं की लांब जाता येईना. दीडशेहून थोडी अधिक बनली आणि संपलं.

सूद-एस्तमध्ये शार्ल मार्शेती हे प्रमुख होते, त्यांच्या हाताखाली रेने मुई. त्यांनी दांडा फिरवणारं आर्तुस्त घेतलं आणि नव्या, हलक्या सांगाड्यावर बसवलं. पुढे काचेचा फुगा, मागे वेल्डिंग केलेल्या नळ्यांची उघडी शेपटी. विजेचा मनोरा आडवा करून ठेवल्यासारखी दिसते ती. इंजिन वर, उघड्यावर, पाठीवरच्या पिशवीसारखं. हे 'आलुएत-२'. पॅरिसजवळच्या ब्युक इथून १२ मार्च १९५५ ला बुलेने ते उडवलं. तीन महिने होत नाहीत तोच, ६ जूनला, त्याच यंत्राने ८,२०९ मीटर उंची गाठून विक्रम मोडला.

हे कसं काय जमलं?

उंचावर हेलिकॉप्टरच्या मागे दोन संकटं एकदम लागतात. हवा विरळ होते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण निम्मा असतो. म्हणजे इंजिनाला प्राणवायू कमी, त्याची ताकद उतरते. आणि नेमक्या त्याच वेळी पात्यांना ढकलायला हवाही कमी, त्यामुळे तेवढंच वजन पेलायला जास्त कष्ट पडतात. घरात पगार कमी व्हावा आणि त्याच महिन्यात किराणा महाग व्हावा, तसं.

आर्तुस्त इंजिन मुळात साडेपाचशे अश्वशक्तीच्या आसपास द्यायचं. पण आलुएत-२ मध्ये त्यातली ३६० च्या आसपासच वापरायची, असं मार्शेतींच्या माणसांनी ठरवलं. का? कारण इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये गिअरबॉक्स असतो. सर्व ताकद त्यातून जायची तर तो जाड आणि जड करावा लागेल. म्हणून गिअरबॉक्स ३६० पुरता हलका ठेवला आणि इंजिनाला मुद्दाम आवर घातला. जमिनीवर पाहिलं तर हा वेडेपणा वाटतो, एवढी ताकद असून वापरायची नाही! पण आता हे यंत्र घेऊन डोंगरावर जा. हवा विरळ होते, इंजिनाची ताकद ५३० वरून ५०० वर येते, मग ४५० वर, ४०० वर. पंख्याला मात्र अजूनही पूर्ण ३६० मिळतेच आहे. पिस्टनवाल्या हेलिकॉप्टरची ताकद पहिल्या हजार मीटरलाच घसरायला लागते. याची कित्येक हजार मीटर घसरतच नाही. पुन्हा पगाराचंच उदाहरण द्यायचं तर, मिळकत सत्तर हजार आणि घरखर्च पन्नास, असं घर पगार कापला गेला तरी लगेच कोलमडत नाही.

ही राखून ठेवलेली शिल्लक. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ती ही.

आणखी एक छोटी गोष्ट. जुन्या हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकाला एका हाताने पाती तिरपी करताना त्याच मुठीत मोटरसायकलसारखा ॲक्सिलरेटर पिळावा लागे, नाहीतर पंख्याचा वेग पडे. आर्तुस्त एका ठरावीक गतीनेच फिरतं. त्याच्या पुढच्या, 'आर्तुस्त-३' या प्रकाराची गती मिनिटाला सुमारे साडेतेहतीस हजार फेरे, आणि गिअरबॉक्समधून पंख्यापर्यंत ती साडेतीनशेवर येते. गती राखायचं काम नियामक आपोआप करतो. डोंगरकड्याजवळ वाऱ्यात झगडणाऱ्या वैमानिकाचा एक व्याप गेला.

आता मोंब्लांवर जाऊ. आल्प्समधलं ते सर्वांत उंच शिखर. १९५६ च्या डिसेंबरात झां व्हॅंसांदों आणि फ्रांस्वा आंरी हे दोन तरुण गिर्यारोहक तिथे वादळात अडकले. थंडीने हातपाय गोठलेले. खालच्या शामोनी गावातून दुर्बिणीने ते दिसत होते, एवढे जवळ, पण पोचता येत नव्हतं. ३१ डिसेंबरला फ्रेंच हवाई दलाचं एक सिकॉर्स्की एस-५८ गाईड घेऊन त्यांच्याजवळ उतरायला गेलं. हे मोठं, पिस्टन इंजिनाचं हेलिकॉप्टर. पंख्याच्या वाऱ्याने बर्फ उडाला, वैमानिकांना काही दिसेना, आणि यंत्र तिथेच कोसळलं. आता वाचवायला दोन गिर्यारोहक होतेच, वर सुटका करायला आलेले लोकही अडकले. त्या दोघा तरुणांना मोडक्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात ठेवून बाकीचे कसेबसे वरच्या व्हालो निवाऱ्याकडे निघाले.

३ जानेवारी १९५७ ला आलुएत-२ पोचली. बुले त्यात होते. ४,३६२ मीटरवरच्या त्या निवाऱ्याजवळ ती उतरली, पुन्हा उडाली, पुन्हा आली, आणि हेलिकॉप्टरचे वैमानिक, गाईड सगळे सुखरूप खाली आले. व्हॅंसांदों आणि आंरी यांच्यासाठी उशीर झाला होता. सांगाड्यावरून जाताना जिवंतपणाची काही खूण दिसली नाही. त्यांचे मृतदेह मार्चमध्ये खाली आणले. हीच आलुएत आदल्या वर्षी जुलैत त्याच निवाऱ्यातून एका हृदयविकाराच्या रुग्णाला घेऊन आली होती. मग ती आधी का नाही पाठवली, यावर फ्रान्समध्ये पुष्कळ वादंग झालं. १९५८ पासून तिथे डोंगरातल्या बचावाची जबाबदारी नीट नेमून दिली गेली.

मी ही घटना जरा लांबवून सांगितली, कारण मोठं हेलिकॉप्टर हरलं आणि छोटं जिंकलं, असा तिचा सोपा अर्थ लावला जातो. तो अर्धाच खरा आहे. उडालेल्या बर्फाने आलुएतलाही आंधळं केलं असतं. फरक असा की तिच्या वैमानिकाच्या हातात त्या उंचीवरही ताकद शिल्लक होती, चूक झाली तर वर निघून जाण्याइतकी.

यानंतर सूदने आलुएत-३ बनवलं. पहिलं उड्डाण २८ फेब्रुवारी १९५९. सात जणांची बंद केबिन, झाकलेली शेपटी, आणि मोठं आर्तुस्त. या इंजिनात ८७० अश्वशक्ती द्यायची कुवत, पण वापरायची ५७० च्या आत. तीच शिल्लक, आणखी मोठी. १९६० च्या जूनमध्ये सात माणसं घेऊन हे यंत्र थेट मोंब्लांच्या माथ्याजवळ, ४,८१० मीटरवर उतरलं आणि उडालं. नोव्हेंबरात बुले ते घेऊन हिमालयात आले, आपल्याकडे, कुलूच्या वरच्या देव टिब्बा शिखरावर. तिथे ६,००४ मीटरवर दोन माणसं आणि अडीचशे किलो ओझं घेऊन ते उतरलं आणि परत उडालं.

प्रात्यक्षिक कुणासाठी होतं हे उघड आहे. १९६२ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या बंगळूरच्या कारखान्यात हे हेलिकॉप्टर परवान्याने बनवायचा करार झाला. त्याच वर्षाच्या अखेरीला चीनशी युद्ध झालं आणि उंच डोंगरात रस्ता नसेल तर काय होतं, हे सगळ्या देशाला कळलं. १९६५ पासून बंगळूरची यंत्रं सैन्यदलांकडे जायला लागली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, चेतक. १९७१ च्या युद्धात मुक्तिवाहिनीच्या छोट्याशा 'किलो फ्लाइट'कडे याच जातीचं एक हेलिकॉप्टर होतं, रॉकेटं बसवलेलं. ३ डिसेंबरच्या रात्री त्याने नारायणगंजच्या तेलसाठ्यावर हल्ला केला. मुंबईकरांनी तर चेतक पाहिलेलंच असतं, कुलाब्याच्या नौदल तळावरून समुद्रावर जाणारं. जहाजाच्या मागच्या छोट्या पट्ट्यावर उतरू शकत असल्याने नौदलालाही ते फार सोयीचं पडलं.

पण हिमालयाचं समाधान चेतकने झालं नाही. सात जणांची केबिन म्हणजे तेवढा पत्रा, तेवढं वजन. १९६८ मध्ये भारताकडून सूदला मागणी गेली, की याहून वर जाणारं काहीतरी हवं. त्यावर सूदच्या लोकांनी जे केलं ते मला आपल्याकडच्या गॅरेजमधल्या जुगाडासारखं वाटतं, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. त्यांनी नवं काही काढलंच नाही. आलुएत-२ चा तो उघड्या नळ्यांचा हलका सांगाडा घेतला, थोडा मजबूत केला, आणि त्यावर आलुएत-३ चं मोठं इंजिन, गिअरबॉक्स आणि अकरा मीटरचा पंखा बसवला. आधीचा पंखा दहा मीटरच्या थोडा वर होता. इंजिनाच्या शिल्लकीने एक संकट सुटतं, पण दुसरं, म्हणजे पात्यांखाली हवाच कमी असणं, त्याला मोठा पंखा आणि हलकं अंग हाच उपाय.

१७ मार्च १९६९ ला हे यंत्र उडालं. फ्रेंचांनी त्याला नाव दिलं 'लामा'. त्याच वर्षी हिमालयातल्या चाचण्यांत ते दोन वैमानिक घेऊन ७,५०० मीटरवर उतरलं आणि परत उडालं. त्या काळी एवढ्या उंचीवर कुठलंच हेलिकॉप्टर टेकलेलं नव्हतं. बंगळूरला ते बनू लागलं तेव्हा त्याचं झालं 'चीता'. पुढच्या काळात तिथे तीनशेहून अधिक चेतक आणि अडीचशेहून अधिक चीता बनले.

आता त्या मागच्या रांगेतल्या प्रश्नाकडे येऊ.

१३ एप्रिल १९८४. सियाचिनच्या पश्चिमेला बिलाफोंड ला ही खिंड, साडेपाच हजार मीटरच्या आसपास. कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या तुकडीला तिथे उतरवायचं होतं. पहाटेपासून चीत्यांच्या सतरा खेपा झाल्या आणि एकोणतीस जवान खिंडीत पोचले. भागाकार करून बघा, एका खेपेला दोनसुद्धा भरत नाहीत.

रिकाम्या चीत्याचं वजन साधारण एक टन. समुद्रसपाटीला तो एकूण १,९५० किलो वजन घेऊन उडू शकतो. म्हणजे जवळजवळ नऊशे किलो आपल्या हातात आले, त्यात वैमानिक, इंधन, प्रवासी, सामान सगळं. पण साडेपाच-सहा हजार मीटरवर हवेत उभं राहायचं तर एकूण वजन कितीतरी खाली आणावं लागतं. रिकामं यंत्र तर हलकं होत नाही! जाड कपडे घातलेले दोन वैमानिक कमी होत नाहीत. परतीचं इंधन ठेवावंच लागतं. मग जी काय कपात होते ती सगळी शेवटच्या मालातून. सर्वांत उंच चौक्यांवर एका खेपेला वीस-पंचवीस किलो, म्हणजे रॉकेलचा एक कॅन, एवढंच नेता येतं अशीही वेळ येते. त्यात दिवस चढला, ऊन तापलं की हवा आणखी विरळ होते. म्हणून या खेपा पहाटे सुरू होतात आणि दुपारच्या आत उरकतात. पाच जणांची जागा आहे हे खरं, पण जागा आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हे दोन-चार दिवसांचं काम नाही. त्या एप्रिलपासून आजपर्यंत वरच्या चौक्यांवर भाजी, औषधं, पत्रं, तेल नेणं आणि आजारी जवानाला खाली आणणं, यातलं फार मोठं काम या हेलिकॉप्टरांनी केलं. लेहच्या हवाई दलाच्या ११४ क्रमांकाच्या हेलिकॉप्टर युनिटला 'सियाचिन पायोनिअर्स' म्हणतात ते उगीच नाही.

सूदने बाकी काय केलं ते भरभर सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल यांना एकच हेलिकॉप्टर माहीत आहे. १९६५ साली 'प्यूमा', मोठं, सैन्य वाहून नेणारं. १९६७ साली 'गझेल'चा पूर्वावतार. यात शेपटीचा पंखा शेपटीच्या आत गोल खोबणीत बसवला, खिडकीतल्या एक्झॉस्ट फॅनसारखा, म्हणजे जमिनीवर माणसाला लागत नाही. १९७४ साली 'एक्युरॉय', म्हणजे खार. पंख्याच्या मधल्या भागात धातूच्या डझनभर बिजागऱ्यांऐवजी काचतंतूचा लवचीक तारा बसवला, देखभाल एकदम सोपी झाली. याच कुळातलं एक हेलिकॉप्टर २००५ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकलं. आणि 'डॉफिन', म्हणजे डॉल्फिन, ते जुहूवरून बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर कामगार नेतानाचं दृश्य पश्चिम उपनगरातल्या लोकांच्या ओळखीचं आहे. १९८५ साली पवन हंस स्थापन झाली ती मुख्यतः याच कामासाठी.

आता जरा अवघड भाग.

चीत्याचा सांगाडा १९५५ चा, इंजिन त्याच दशकातलं. फ्रान्सने ही यंत्रं बनवायची केव्हाच थांबवली. आपण इंजिन बदलून 'चीतल' केलं, त्यात टर्बोमेकाचंच नवं इंजिन आलं. २००४ च्या नोव्हेंबरात चाचण्यांदरम्यान ते सासेर कांगरी भागात २५,१५० फुटांवर उतरलं. पण सांगाडा, पंखा, उपकरणं जुनीच. नवं हेलिकॉप्टर घ्यायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९७ हेलिकॉप्टरांची खरेदी ठरत आली आणि २००७ मध्ये रद्द झाली. पुन्हा निविदा, पुन्हा चाचण्या, २०१४ मध्ये पुन्हा रद्द. गंमत बघा, दोन्ही वेळा स्पर्धेत याच फ्रेंच कारखान्याची 'खार' होती. नंतर रशियाबरोबर कामॉव्ह बनवायचं ठरलं, तेही अडलं.

मधल्या काळात माणसं जात राहिली. २०१४ मध्ये बरेलीजवळ चीता कोसळला, त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन ही जुनी हेलिकॉप्टरं थांबवा अशी मागणी केली. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापर्यंत त्यांचं निवेदन गेलं. २०२२ च्या ऑक्टोबरात तवांगजवळ, २०२३ च्या मार्चमध्ये अरुणाचलातच मंडालाजवळ, पुन्हा अपघात. प्रत्येक अपघाताचं कारण यंत्राचं वय हेच असेल असं नाही. डोंगर, ढग, वारा यांनी नवी हेलिकॉप्टरंही पाडली आहेत. पण आजच्या हेलिकॉप्टरमध्ये ढगात शिरल्यावर वैमानिकाला सावरणारी जी उपकरणं असतात ती मूळ चीत्यात नाहीत, एवढं तर निर्विवाद आहे. माझं मत विचाराल तर दोष चीत्याचा नाही. त्याने त्याच्या कराराबाहेरची वीस-पंचवीस वर्षं जास्त काम केलं. आपण त्या शिल्लकीवर अवलंबून राहायची सवय लावून घेतली.

हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं नवं हलकं हेलिकॉप्टर, ज्याला एलयूएच म्हणतात, ६ सप्टेंबर २०१६ ला उडालं. २०१९ मध्ये दौलत बेग ओल्डीला पाच हजार मीटरवर आणि पुढच्या वर्षी सियाचिनच्या हेलिपॅडवर त्याच्या चाचण्या झाल्या. सैन्यात भरपूर संख्येने यायला मात्र ठरल्याहून उशीरच होत गेला. त्याच्या पोटात कुणाचं इंजिन आहे, ओळखा. बोर्दच्या त्याच टर्बोमेकाबरोबर मिळून विकसित केलेलं 'शक्ती'. कारखान्याची पाटी आता 'साफ्रां' अशी झाली आहे.

वेळ आहे का अजून? बरं, एक प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून : "इंजिन हवेत बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं का?")

नाही, आणि याचं उत्तरही लामाच देतो. २१ जून १९७२, दक्षिण फ्रान्समधलं इस्त्र. बुले एकटेच एका लामात बसले. त्यातलं नको ते सगळं सामान उतरवलेलं. ते वर जात जात १२,४४२ मीटरवर पोचले. मोठी प्रवासी विमानं जिथून जातात त्याहून वर. बाहेर उणे साठच्या खाली तापमान. मग उतरायला म्हणून त्यांनी ताकद कमी केली आणि इंजिन विझलं. एवढ्या विरळ हवेत ते पुन्हा पेटेना. काचेवर बर्फ चढलेला, बाहेरचं दिसेना.

पण खाली येताना हवा खालून पात्यांवर आदळते आणि त्यांना फिरवत ठेवते. कागदाचं फिरफिरं सोडल्यावर कसं गिरक्या घेत येतं, तसं. वैमानिकाने पात्यांचा कोन कमी ठेवायचा, वेग सांभाळायचा, आणि जमीन अगदी जवळ आली की कोन वाढवून त्या फिरण्यातली साठवलेली ताकद एकदाच वापरून हळू टेकायचं. बुले तसेच बारा किलोमीटर इंजिनाविना उतरले, सुखरूप. उंचीचा विक्रम करायला गेले होते, इंजिनाविना सर्वांत लांब उतरण्याचा विक्रमही पदरात पडला.

फक्त त्यांच्या खाली बारा किलोमीटर हवा होती. कोन बदलायला, वेग घ्यायला, विचार करायला वेळ होता. चौकीच्या हेलिपॅडवर पंधरा-वीस मीटर उंचीला, वेग शून्य असताना, विरळ हवेत इंजिन थांबलं तर हे काहीच करता येत नाही. आणि चीत्याला इंजिन एकच आहे.